कोपराची चुगली

फेलेतीचं उजवं कोपर सोमवारी सकाळी दुखायला लागलं, आणि गुरुवारपर्यंत त्याने घरातलं गुपित अख्ख्या हालातोआ गावासमोर नेऊन ठेवलं. माणसाने स्वतःचं तोंड शिवून घेतलं तरी त्याचे बाकीचे अवयव इतके फितूर निघतील, असं फेलेतीला कधी वाटलं नव्हतं.

गुपित तसं साधं होतं, पण आमच्या वावाउ बेटावर पुरुषाला त्याहून लाजिरवाणं गुपित मिळणं कठीण. फेलेती चोरून साल बडवत होता. झाडाची आतली साल काढायची, भिजवायची, ओंडक्यावर पसरायची आणि चौकोनी मोगरीने बडवून बडवून तिचं कापड करायचं, हे आमच्याकडे बायकांचं काम. पुरुषाने झाड लावावं, तोडून आणावं, आणि मोगरी सुरू झाली की तिथून चालतं व्हावं. त्यात फेलेती चर्चचा कारभारी. रविवारी पुढच्या बाकावरून मागे वळून तो दुसऱ्यांच्या पोरांवर डोळे वटारायचा, आणि चर्चच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. असा भारदस्त माणूस गेले नऊ आठवडे रोज सकाळी सहाला चुलीच्या खोपटात शिरायचा, झावळ्यांचे पडदे खाली सोडायचा आणि मांडी घालून मोगरी चालवायचा. रविवारी तेवढी सुट्टी, कारण रविवारी आमच्याकडे काडीचंही काम कुणी करत नाही.

हे सगळं त्याची बायको मेलेसेइनी हिच्या हातांपायी. मेलेसेइनी बावन्न वर्षांची, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून दणकट. पण फेब्रुवारीपासून सकाळी उठली की तिची बोटं आखडलेली असायची. डब्याचं झाकण उघडेना, कंगवा धरवेना. तिचे केस फेलेती विंचरून द्यायचा, आणि अंबाडा हमखास वाकडा बांधायचा. दहा वाजायला आले की बोटं हळूहळू सुटायची. त्यानंतर ती मोगरी घेऊन बसली की काही झालंच नव्हतं असं वाटायचं.

"वय झालं," ती म्हणायची. "तेल लावलं की जाईल."

तेल लावून तीन महिने झाले, काही गेलं नाही. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. गावातल्या बायकांच्या मंडळाची ती प्रमुख होती. बडवलेले तुकडे खळीने जोडून मोठं कापड करताना बायका लांब मेजाच्या दोन्ही बाजूंना बसतात, आणि प्रमुख बसते मेजाच्या टोकाला. नक्षी कुठली, रंग किती, हे तीच ठरवते. त्या जागी आधी मेलेसेइनीची आई बसायची. आता सात आठवड्यांवर सरदारांच्या मुलीचं लग्न आलं होतं, मोठं कापड करायचं होतं, प्रत्येकीने तीस तुकडे आणायचे होते. प्रमुखाचेच तुकडे कमी पडले तर ती जागा जाणार शेजारच्या लाविनियाकडे. लाविनिया त्या जागेवर अकरा वर्षं डोळा ठेवून होती, आणि हे ती लपवतही नव्हती.

"कुणाला सांगितलंत तर बघा," मेलेसेइनीने नवऱ्याला बजावलं होतं. "बायबलवर हात ठेवा."

फेलेतीने ठेवला. बायकोचे हात बरे व्हावेत यापलीकडे त्याला काही नको होतं, पण ते कसे व्हावेत हे ठाऊक नव्हतं. मोगरी चालवणं तेवढं जमण्यासारखं होतं, ते तो करत राहिला.

अडचण अशी की आमच्या गावात मोगरीच्या आवाजावरून बाई ओळखतात. कुणाची घाईची, कुणाची संथ. मेलेसेइनीचा तर दर तिसरा ठोका किंचित गिळल्यासारखा. अठ्ठावीस वर्षं फेलेती तो आवाज ऐकत होता. आपण तो हुबेहूब उचललाय, अशी त्याची खात्री होती.

मंगळवारी दुपारी पुरुषमंडळी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला जमली होती. करवंटीची वाटी फेलेतीच्या हातात आली, त्याने ती वरून धरून उचलली, आणि कोपरातून अशी कळ गेली की वाटी शेजाऱ्याच्या मांडीवर उपडी झाली.

"कारभारी, अजून पहिलीच फेरी आहे!" कुणीतरी ओरडलं.

"हात जड झाला असेल," दुसरा म्हणाला. "देवाच्या कामात फार राबतात."

तिसरा नुसता आपल्या ओल्या मांडीवर बोटांनी ताल धरून बसला. सगळे कारणाशिवाय हसले. फेलेतीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर मेलेसेइनीने त्याचं कोपर दाबून पाहिलं, तो केकाटला.

"अकोसिताकडे जा उद्या," ती म्हणाली.

"तिच्याकडे? नको."

"मग बडवणार कसे? तोंडाने?"

अकोसिता ही गावच्या दवाखान्यातली नर्स, आणि फेलेतीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्याकडे बहिणीचं लेकरू मामापेक्षा वरच्या मानाचं. भाचीने काही मागितलं तर मामाने हसून द्यायचं, नाही म्हणायची पद्धतच नाही. सहा वर्षांची असताना अकोसिताने त्याचं सगळ्यात गुबगुबीत डुक्कर मागितलं होतं, कारण तिला त्याचे कान आवडले होते. दहाव्या वर्षी रेडिओ नेला. आता ती एकतीसची होती आणि मागणं कमी केलं होतं, पण मामा तिच्यासमोर अजून खिशावर हात ठेवून बसायचा.

बुधवारी दवाखान्यात तिने त्याला खुर्चीवर बसवलं.

"हात सरळ करा, मामा. मूठ वळा. आता मनगट वर उचला. मी खाली दाबते, तुम्ही सोडायचं नाही."

फेलेतीने सोडलं नाही, पण असा ओरडला की बाहेर बसलेल्या बाईचं बाळ रडायला लागलं.

"कुठे दुखतं?"

"तुझं बोट आहे तिथेच. बाहेरच्या हाडावर."

"आता तळहात खाली करून ही खुर्ची उचला बघू."

खुर्ची जागची हलली नाही. अकोसिताने मान डोलावली, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"कशाने झालं?"

चर्चचा कारभारी खोटं बोलत नाही. मात्र खरं किती बोलायचं यावर कुठे बंधन नाही, असं फेलेतीने येता येता ठरवलं होतं.

"काम फार पडलं."

"कसलं?"

"हाताचं."

"मळ्यात?"

"मळा घराच्या मागेच आहे," फेलेती म्हणाला. हेही खरंच होतं.

"कोनफळं लावून महिना झाला. तुमची पहार माझ्या आईच्या पडवीत गंजतेय." अकोसिताने खुर्ची पुढे ओढली. "मामा, याला टेनिस एल्बो म्हणतात. तासन्‌तास मनगट झटकत काहीतरी आपटत बसणाऱ्यांना होतं. आपल्या गावात टेनिसचं मैदान नाही. मोगऱ्या मात्र चाळीस आहेत. या वर्षी असली सात कोपरं माझ्याकडे आली, आणि सातही बायकांची."

फेलेतीने छताकडे पाहिलं. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने हात लांब करून त्याच्या कानामागून एक पांढरा धागा काढला आणि उजेडात धरला. "हे काय?"

"खोबरं असेल."

'असेल' म्हणजे काही खोटं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली. अकोसिताने तो धागा कागदावर जपून ठेवला. मग कोपराच्या खाली पट्टा बांधून दिला, थंड पाण्याची घडी ठेवायला सांगितली, आणि वाळूची छोटी पिशवी हातात देऊन मनगटाने ती सावकाश खाली सोडायचा व्यायाम शिकवला. "रोज, हळूहळू. आणि जे काही आपटताय ते सहा आठवडे बंद."

"सहा आठवडे!" फेलेतीचा आवाज चिरकला. लग्न सातव्या आठवड्यात होतं.

अकोसिता वहीत लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मामी कशी आहे?"

"दुपारी छान असते."

तोंडातून गेलं ते गेलं. अकोसिताचं पेन थांबलं.

"आणि सकाळी?"

"सकाळी मी प्रार्थनेत असतो."

"ते ऐकू येतं," अकोसिता म्हणाली. तिला हसू दाबता येत नव्हतं, पण डोळे हसत नव्हते. तिने वही मिटली. "मामा, उद्या सकाळी सात वाजता मी येते. मामीने माझ्यासमोर बडवलेला एक तुकडा मला हवाय. भाची मागतेय."

फेलेती हसला, कारण हसायचीच पद्धत होती.

घरी मेलेसेइनीने कपाळावर हात मारून घेतला. "नाही म्हणायचं होतं!"

"भाचीला?"

मेलेसेइनीने मोठं पातेलं खाली काढलं. ती म्हणाली, "सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसते. एक तुकडा तर बडवायचा."

गुरुवारी साडेपाचपासून फेलेती पाणी तापवत होता. सातला अकोसिता आली, चटईवर बसली आणि पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "हं, मामी." मेलेसेइनी ओंडक्यापुढे बसली. वाकड्या अंबाड्याखाली तिचा चेहरा ताठ होता. दोन्ही हातांनी तिने मोगरी उचलली. पहिला ठोका पडला. दुसरा अर्धाच. तिसऱ्याला मोगरी हातातून सुटून घरंगळत फेलेतीच्या पायापाशी गेली.

फेलेतीला वाटलं, मोगरी उचलून द्यावी, आणि वाटलं, देऊ नये. इतकी वर्षं ज्या हातांचा मार त्या ओंडक्याने खाल्ला, ते हात मांडीवर उताणे पडले होते.

अकोसिता सरकत जवळ गेली. तिने ते हात आपल्या हातांत घेतले, मुठीजवळचे सांधे आडवे धरून अगदी हलकेच दाबले. मेलेसेइनीने ओठ चावला.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"दोन्ही हात सारखेच? आणि पायांचे चवडे? सकाळी जमिनीवर पाय ठेवताना खड्यांवर चालल्यासारखं?"

मेलेसेइनी चमकली. चवड्यांचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"वय झालं, दुसरं काय," ती म्हणाली.

"वयाने असं होत नाही, मामी. वयाने सांधे झिजतात. लाविनियाचा गुडघा झिजलाय. तो चालून चालून दुखतो, बसली की गप्प होतो. सकाळी दहा मिनिटं कुरकुरतो आणि कामाला लागतो. तुझं नेमकं उलटं. झोपून उठलीस की आखडतं, काम केलंस की सुटतं, आणि त्यालाही चार-चार तास लागतात. हा आमवात दिसतोय. अंग आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्याशी भांडत बसतं. रक्त तपासून नक्की कळेल."

"तेल..."

"तेलाने बरं वाटेल, पण ही आतली आग थांबणार नाही. औषधाने थांबते, आणि आता सुरू केलं तर बहुतेकांचे हात वाचतात. पण बोटं एकदा वाकडी झाली की मी, डॉक्टर आणि मामाचं सगळं चर्च मिळूनही ती सरळ करू शकणार नाही."

मेलेसेइनीने बराच वेळ हातांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

"यांनी सांगितलं ना तुला?"

"त्यांनी सांगितलं की ते खोबरं होतं." अकोसिता आता खरोखर हसली. "मामी, तुझी मोगरी रोज दहाला सुरू होते. त्याच्या आधी जी वाजते ती दर चार ओळींनी श्वास घ्यायला थांबते, आणि कडवं संपलं की शेवटी धम्म करून ढोल वाजवते. तुला सकाळचे चार तास हात नसतात हे मला त्यावरून कळलं. मी चर्चमध्ये गाते, मामा. कालचं गीत कितवं होतं तेही सांगू?"

फेलेतीचा चेहरा लालबुंद झाला. कारण आता आठवून बघितलं तर तिसरा ठोका गिळायचा तो विसरत नव्हता, पण बडवताना मनात चर्चचं गीत चालायचं, आणि कडव्याच्या शेवटी हात आपोआप जोरात पडत होता. तीस वर्षांची ढोलाची सवय त्याला कळतही नव्हती.

कुंपणापलीकडे कुणीतरी खो-खो हसलं. झुडपं बाजूला सारून लाविनिया आत आली, गुडघा धरत, लंगडत, डोळे पुसत.

"नऊ आठवडे!" ती म्हणाली. "नऊ आठवडे हे आम्हाला उपासनेला उठवतायत. परवा मी अंथरुणातच सूर धरला. आमचा म्हातारा म्हणाला, आमेन म्हणू का?"

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?" फेलेतीने विचारलं.

"बायकांना पहिल्या दिवसापासून. पुरुषांना उशिरा कळलं, त्यांना सगळंच उशिरा कळतं. आणि कारभारी, काय ते बडवणं! मंडळाचे सगळे तुकडे माझ्याकडे ठेवायला येतात ना? निम्म्यांना भोकं. मी ठिगळं लावत बसलेय."

मेलेसेइनी पांढरीफटक पडली होती. "तू ठिगळं लावलीस? तुला तर माझी जागा हवी आहे."

"हवीच आहे," लाविनिया तडक म्हणाली. "पण तू धडधाकट असताना, चार बायकांसमोर भांडून घेणार मी. तुझे हातच गेले तर भांडू कुणाशी? या ढोलवाल्याशी?"

तेव्हा मेलेसेइनी रडली. फेब्रुवारीपासून एकदाही रडली नव्हती ती त्या चटईवर बसून हुंदके देत रडली, आणि लाविनिया शेजारी बसून तिचा वाकडा अंबाडा सोडून नीट बांधायला लागली.

अकोसिता उठली. "मला तुकडा मिळाला नाही," ती मामाला म्हणाली. "मागणी बाकी आहे. तर त्याच्याऐवजी उद्या तुम्ही मामीला मोठ्या इस्पितळात न्यायचं. भाची मागतेय."

एवढ्या आनंदाने फेलेतीने भाचीला डुक्करही दिलं नव्हतं.

इस्पितळात रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. अकोसिताचा अंदाज बरोबर निघाला, आणि हाडं अजून शाबूत होती. डॉक्टरांनी लगेच उतार पडावा म्हणून थोड्या दिवसांची एक गोळी दिली, आणि मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. "एकदाच," ते तीनदा म्हणाले. "रोज घेतली तर जिवावर बेतेल. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, आणि रक्त तपासायला दर महिन्याला यायचं." फेलेतीने ती बाटली चर्चच्या कपाटात कुलूपबंद केली. दर सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून एका बशीतून मोजक्या गोळ्या आणून द्यायचा, आणि त्याचा चेहरा इतका गंभीर असायचा की मेलेसेइनीला हसून ठसका लागायचा.

मोगरीला त्याने हात लावला नाही. राहिलेले तुकडे बायकांनी वाटून घेतले. मोठं कापड जोडायच्या दिवशी मेजाच्या टोकाला मेलेसेइनीच बसली, हात मांडीवर ठेवून, हनुवटीने हुकूम सोडत. फेलेतीचे तुकडे सगळ्यात खालच्या थराला लावले. लाविनिया त्यांच्यावरून तळवा फिरवत मोठ्याने सांगत होती, "इथे जरा जाड लागतंय, हे तिसरं कडवं. आणि हे भोक पडलंय ना, इथे ढोल." कारभारी दाराबाहेरच्या आंब्याखाली उभे राहून सगळं ऐकत होते. घरात शिरायची त्यांची हिंमत नव्हती.

लग्न झालं. फेलेतीचं कोपर वाळूच्या पिशवीने हळूहळू गप्प झालं. मेलेसेइनीच्या सकाळी मात्र त्याच्या मनासारख्या सुधारेनात. लगेच उताराची गोळी कमी केली तेव्हा बोटं पुन्हा आखडली, आणि फेलेती दोन दिवस जेवला नाही. अकोसिता म्हणाली, धीर धरा. मग दहाचे नऊ झाले, नऊचे आठ झाले. तो विचारायचा नाही. सकाळी कंगवा घेऊन मागे उभा राहायचा, आणि ती मुकाट्याने पाठ करून बसायची.

ऑक्टोबरात एका सकाळी त्याला जाग आली तेव्हा शेजारची चटई रिकामी होती, आणि कंगवा जागेवर नव्हता. खोपटाकडून मोगरी वाजत होती.

फेलेती हलला नाही. त्याने चार ओळी मोजल्या. मोगरी श्वास घ्यायला थांबली नाही. तिसरा ठोका किंचित गिळल्यासारखा, पुढचे दोन मोकळे, पुन्हा तिसरा गिळलेला. असा ठोका वावाउवर एकाच बाईचा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं, आणि त्याने ते पुसलं नाही.

मग मोगरी थांबली. बोटं आखडली? सुटली हातातून?

खोपटातून आवाज आला, ढोलासारखा, दणदणीत: धम्म.

मग कुंपणापलीकडून, लाविनियाच्या ओंडक्यावरून: धम्म. मग रस्त्यापलीकडून एक, विहिरीपाशी एक, पार चर्चच्या बाजूने एक. पाठोपाठ सगळ्या अंगणांतून बायकांचं हसू.

फेलेतीने चादर डोक्यावरून ओढून घेतली, आणि मग एका कोपऱ्यातून हळूच हात बाहेर काढून उशाशी ठेवलेलं घड्याळ आत घेतलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.